डबा डेस्कवर खाणारी नवी सहकारी: अंधेरीतल्या एका अकाउंट्स टीमचं प्रकरण

परिस्थिती

अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर एका मध्यम आकाराच्या कंपनीचं ऑफिस. अकाउंट्समध्ये नऊ जण. त्यांत 29 वर्षांची एक मुलगी 16 मार्चला रुजू झाली. राहायला डोंबिवलीत; जलद लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. आधीची पाच वर्षं ठाण्यात एका सीएच्या छोट्या ऑफिसात गेलेली. तिथे चार माणसं एकाच टेबलाभोवती बसायची, त्यामुळे ओळख वेगळी करून घ्यावी लागली नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने एचआरकडे जाऊन सांगितलं: काम जमतंय, पण इथे माझ्याशी कुणी कामाशिवाय बोलत नाही, प्रोबेशन संपायच्या आत दुसरीकडे बघावं म्हणते.

(हे प्रकरण एकाच व्यक्तीचं नाही. मुंबईतल्या ऑफिसांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका व्यक्तीभोवती गुंफल्या आहेत.)

पहिल्या सात आठवड्यांत तिने काय केलं

पहिल्या दिवशी तिने अर्धा किलो पेढे आणले आणि पॅंट्रीच्या टेबलावर ठेवले. दुपारपर्यंत बॉक्स रिकामा. कुणी आणले हे निम्म्या टीमला कळलंही नाही. हीच पेढ्यांची पेटी हातात घेऊन ती प्रत्येकाच्या डेस्कपाशी अर्धा मिनिट थांबली असती, तर आठ नावं आणि आठ कामं त्याच दिवशी कळली असती. मिठाई हे निमित्त असतं; निमित्त टेबलावर सोडून आलं की ते वाया जातं.

जेवण ती डेस्कवर करायची. शिकाऊ काळात मन लावून काम करताना दिसावं, असा तिचा हिशेब. टीमच्या बाजूने मात्र त्याचा अर्थ सरळ होता: हिला एकटीनं जेवायला आवडतं. पहिल्या आठवड्यात एकीनं "चलतेस का जेवायला?" असं विचारलंही होतं. तिने "तुम्ही व्हा पुढे, एवढी एंट्री संपवते" म्हटलं. दोनदा असं झाल्यावर विचारणं बंद झालं. मुंबईच्या ऑफिसात कुणी तिसऱ्यांदा आग्रह करत नाही. त्यात राग नसतो. पाऊण तासात डबा गरम करायचा, जेवायचं आणि चहाही घ्यायचा असतो.

तिसरी गोष्ट तिच्या लक्षातही आली नव्हती. मीटिंगमध्ये काही निघालं की "आमच्याकडे हे असं नव्हतं, आम्ही थेट टॅलीतून काढायचो" हे तिच्या तोंडी यायचं. (टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर.) हेतू मदतीचा. ऐकणाऱ्याला मात्र ती इथली नाही हे ती स्वतःच सांगत होती. नव्या माणसाचं सगळ्यांत जास्त नुकसान या एका वाक्याने होतं, असं आमचं मत आहे. जुन्या ऑफिसची चांगली पद्धत सांगायची असेल तर प्रश्नाच्या रूपात सांगावी: "हे टॅलीतून थेट काढलं तर काही अडचण येते का?"

टीम थंड होती का?

नव्हती. टीम दमलेली होती. अकाउंट्सचं वेळापत्रक पाहिलं की उलगडा होतो. महिना संपला की पहिले चार-पाच दिवस हिशेबाची पुस्तकं बंद करण्यात जातात. 7 तारखेला टीडीएस (देणी चुकवताना कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 20 ला जीएसटीआर-3बी (महिन्याचं एकत्रित विवरणपत्र). त्यातही मार्च म्हणजे वर्षअखेर: लघुउद्योगांची थकलेली बिलं 31 तारखेच्या आत चुकती करायची, तरतुदी धरायच्या, बँकेच्या ताळमेळातले जुने फरक शोधायचे. मार्चचा टीडीएस भरायला 30 एप्रिलपर्यंत मुदत मिळते, पण तोवर ऑडिटवाले येऊन बसलेले असतात. म्हणजे 16 मार्चला आलेल्या माणसाला पहिले सहा-सात आठवडे या टीमचा खरा चेहरा दिसणंच शक्य नव्हतं.

अकाउंट्समध्ये ओळखी वाढवायचे दिवस साधारण 21 ते 28. प्रत्येक धंद्याचं असं कॅलेंडर असतं. बँकेत तिमाहीअखेर, सेल्समध्ये महिन्याचे शेवटचे तीन दिवस, शाळेत पेपर तपासणी. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात हे विचारून घ्यावं: "आपल्याकडे सगळ्यांत धावपळीचे दिवस कुठले?" त्या दिवसांत कुणी तुटक उत्तर दिलं तर ते मनाला लावून घ्यायचं नाही.

दुसरा गैरसमज तिच्या मनातला. "मी बोलले की ते तोंडदेखलं हसतात." 2018 साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी एक संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलून उठल्यावर समोरच्याला आपण कितपत आवडलो याचा अंदाज करतात, तेव्हा तो खऱ्यापेक्षा कमी निघतो, असं त्यांना दिसलं. आपण आपल्या अडखळलेल्या वाक्यांकडे बघत असतो, समोरचा त्याच्या स्वतःच्या. त्यामुळे "त्यांना मी आवडले नाही" हा निष्कर्ष पहिल्या दोन महिन्यांत काढूच नये. त्याला पुरावा नसतो.

तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 साली मैत्रीला लागणाऱ्या वेळेचा अंदाज मांडला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणावं इतकं व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक. नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास त्यात फारसे कामी येत नाहीत. निवांतपणे एकत्र घालवलेले तास लागतात. आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, इथे ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण हिशेब मांडायला उपयोगी आहेत.

तिचा हिशेब असा: दिवसाकाठी चहाची दहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला 50 मिनिटं. या गतीने 50 तास व्हायला 60 आठवडे लागतील. तेच अर्धा तास जेवण टेबलावर केलं तर आठवड्याला अडीच तास. परतीच्या वाटेवर आठवड्यातून तीनदा कुणाची पंचवीस मिनिटं सोबत मिळाली तर आणखी सव्वा तास. चहा धरून साडेचारच्या वर जातं, आणि 60 आठवड्यांचे अकरा होतात. अर्थात टेबलावर पाच जण असतात, त्यामुळे ते सगळे तास एका माणसाच्या खात्यात पडत नाहीत. परतीच्या वाटेचे मात्र पडतात, म्हणून ते जास्त मोलाचे.

या हिशेबात टीम आउटिंग, रिसॉर्टची सहल, ऑफिसची पार्टी कुठेच नाही, हे मुद्दाम. वर्षातून एकदा सहा तास मोठ्या आवाजात गाणी ऐकून मैत्री होत नाही. आधीपासून असलेली मैत्री तिथे घट्ट होते, आणि नवा माणूस कोपऱ्यात पेपर प्लेट धरून उभा राहतो.

मे महिन्यात काय बदललं

सुरुवात जेवणापासून झाली. या टीमची दोन टेबलं: एक वाजता जेवणारे चौघे आणि दीडला जेवणारे तिघे. आधी निवड करायची होती. तिने एक वाजताचं टेबल घेतलं, कारण त्यात वेंडर पेमेंट (पुरवठादारांची देणी) पाहणाऱ्या मुलुंडच्या बाई होत्या आणि जीएसटी पाहणारा एक पंचविशीतला मुलगा, दोघांशी तिचं रोजचं काम. दोन्ही टेबलांवर आलटून पालटून बसायचा मोह टाळला. एका ठिकाणी रोज दिसणारा माणूस लवकर "आपला" होतो.

कसं बसायचं हाही प्रश्न असतो. "मी बसू का तुमच्यात?" असं विचारलं की समोरच्यांना उगाच होकार-नकाराचा विचार करावा लागतो. त्याऐवजी पावणेएकला डेस्कवरूनच: "आज मीपण एकला येतेय, एक खुर्ची धराल का?" टेबलावर गुजराती आणि मल्याळी सहकारी असल्यामुळे हे वाक्य तिने हिंदीतच म्हटलं. हा मुद्दा छोटा नाही. मुलुंडच्या बाईंशी मराठीत बोलणं तिला सोपं जात होतं आणि पहिल्याच दिवशी दोघी दहा मिनिटं मराठीत रंगल्या. उरलेले तिघे फोनकडे बघू लागले. टेबलावर जी भाषा सगळ्यांना येते ती टेबलाची भाषा. मराठी परतीच्या वाटेवर भरपूर बोलता येते.

डब्याचे काही अलिखित नियम. भाजी एकटीला पुरते त्याच्या दीडपट आणावी. दुप्पट आणली की रोज वाटपाची अपेक्षा तयार होते आणि महिन्याभरात ओझं वाटू लागतं. वाटायला ओली भाजी गैरसोयीची. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोशिंबीर, लोणचं, मेथीच्या पुऱ्या हे सोपं. आपला चमचा दुसऱ्याच्या डब्यात जात नाही. डब्याच्या झाकणात आधी वाढून, ते झाकण मधे सरकवायचं आणि मग स्वतः जेवायला लागायचं. ज्याला हवं तो घेतो, ज्याला नको त्याला नाही म्हणावं लागत नाही. टेबलावर जैन कुणी असेल तर कांदा-लसूण-बटाटा आहे का हे त्यानं विचारायच्या आधी आपणच सांगावं. श्रावणात आणि संकष्टीला कुणाचं काय चालतं ते पाहून घ्यावं. आणि सुकट, बोंबील, जवळा घरून कितीही प्रेमाने आलेला असो, पॅंट्रीच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा नाही. त्या वासाने झालेली ओळख पुसायला सहा महिने लागतात.

मग छोटी मदत मागणं. 1969 साली जेकर आणि लँडी या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात असं दिसलं की आपण एखाद्यावर उपकार केले की तो आपल्याला जास्त आवडू लागतो. नवा माणूस नेमकं उलटं करतो: मदत मागितली तर आपल्याला येत नाही असं वाटेल म्हणून गप्प राहतो आणि दुसऱ्यांना मदत देत सुटतो. मदत दहा मिनिटांच्या आतली असावी आणि ज्या गोष्टीचा समोरच्याला अभिमान आहे तीच असावी. मुलुंडच्या बाईंची वेंडर फाइल साऱ्या मजल्यावर नावाजलेली होती. तिने विचारलं, "तुम्ही जीएसटी नंबरप्रमाणे लावता की वेंडर कोडप्रमाणे? मला जरा दाखवाल का, 21 नंतर कधीही." दोन दिवसांनी परत जाऊन सांगितलं: "तुमच्यासारखं लावलं, डुप्लिकेट बिल लगेच सापडलं." हे परत जाऊन सांगणं बहुतेक जण विसरतात, आणि ओळख तर तिथेच पुढे सरकते.

परतीची वाट

मुलुंडच्या बाई सहा वीसला निघायच्या. ती साडेसहाला. तिने दहा मिनिटं आधी आवरायला सुरुवात केली. ऑफिस ते चकाला चालत आठ मिनिटं, मेट्रोत घाटकोपरपर्यंत मधली पाच स्टेशनं, मग घाटकोपरच्या पुलावरची गर्दी. सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं. घाटकोपरला बाई धीम्या गाडीला, ही डोंबिवलीसाठी जलदला. ही वाट नव्या ओळखीला फार सोयीची, कारण तिला आयता शेवट आहे. बोलणं संपलं तरी अवघडून बसावं लागत नाही, फलाट वेगळे होतात.

पहिल्या आठवड्यात रोज मागे लागायचं नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे. समोरच्यानं कानात इयरफोन घातले की तो संध्याकाळचा शांत वेळ आहे असं समजून आपणही फोन काढावा. मुलुंडच्या बाईंचा लोकलमध्ये वीस वर्षांचा ग्रुप होता: नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग, दसऱ्याला लोकलच्या डब्याला हार, वाढदिवसाला डब्यातच केक. अशा ग्रुपमध्ये आपोआप जागा मिळेल असं धरू नये. ते नातं ऑफिसचं नाही, गाडीचं आहे.

संबोधनाची एक गंमत इथे झाली. सुरुवातीला ती "मॅडम" म्हणायची; जरा सलगी झाल्यावर एकदा "काकू" म्हणून गेली. 46 वर्षांच्या बाईंना ते आवडलं नाही, आणि ते रास्तच होतं. ऑफिसात काकू कुणीच नसतं. "ताई" चालतं, नाव आणि "तुम्ही" चालतं. चहा आणून देणाऱ्या वयस्क असिस्टंटना मात्र सगळं ऑफिस "काका" म्हणत असेल तर आपणही म्हणावं, आणि त्यांच्याशी रोज दोन शब्द बोलावे. कोण रजेवर आहे, कोणाचा मूड बिघडलाय, आज मोठे साहेब किती वाजता येणार, हे एचआरच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

काय बिघडलं

जूनमध्ये दोन गोष्टी बिनसल्या. टेबलावर मॅनेजरवर टीका चालली होती आणि तिनेही एक शेलका शेरा मारला. शेरा पोहोचला. पाच वर्षं एकत्र काढलेली माणसं साहेबांना शिव्या देतात तेव्हा त्यात जिव्हाळाही असतो. तीन महिन्यांच्या माणसाने तेच म्हटलं की ती तक्रार ठरते. अशा वेळी हसावं, पाणी प्यावं, विषय बदलायची वाट बघावी. सामायिक रागावर झालेली मैत्री लवकर होते खरी, पण त्या माणसाची बदली झाली की बोलायला काहीच उरत नाही.

दुसरं, मदतीचं. जीएसटीच्या मुलाने 18 तारखेला ताळमेळासाठी थोडी मदत मागितली. ती नऊपर्यंत बसली. पुढच्या महिन्यात 18 ला त्याने धरूनच चाललं. इथे मैत्री आणि फुकटची मजुरी यांतली रेघ पुसली जाते. उपाय भांडणाचा नाही, वेळेचा: "सव्वासहापर्यंत बसते, तेवढ्यात महाराष्ट्राची बिलं काढून देते." मर्यादा आधी सांगितली की मदतही मोठी वाटते. जुलैत तिने तसंच केलं, आणि मुलानेही ते सहज घेतलं.

पैशांबद्दल थोडंसं. वाढदिवसाची, निरोपसमारंभाची काँट्री त्याच दिवशी, ठरलेली तेवढीच, फोनवरून पाठवून मोकळं व्हावं. दोनशे ठरले असतील तर पाचशे देऊन उदारपणा दाखवू नये. बाकीचे कानकोंडे होतात. पगार कुणाला विचारू नये. "गाव कुठलं?" हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी येतोच आणि तो चालतो; त्यापुढे आडनावावरून खोलात शिरणारे प्रश्न नकोत. लग्न, मूलबाळ हे समोरच्याने काढलं तरच.

याच महिन्यात टीममधले पाच जण रविवारी कर्जतला जाऊन आले आणि तिला सोमवारी फोटोंतून कळलं. अधिकृत ग्रुपशिवाय मॅनेजर नसलेला दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, बेत तिथे ठरतात. त्यात घालायला सांगू नये, आणि "मला का नाही विचारलं?" हेही नको. तिने जेवताना विचारलं, "धबधब्याला पाणी होतं का? पुढच्या वेळी मीपण येईन." जुलैच्या शेवटी कुणीतरी तिला त्या ग्रुपमध्ये घातलं. कुणी घातलं हे तिने विचारलं नाही, तेही बरंच केलं.

मॅनेजरच्या वाटणीचं

रुजू होण्याची तारीख वर्षअखेरीची धावपळ टाळून, 21 नंतरची ठेवता आली असती. तीन दिवसांचं इंडक्शन आणि तीस स्लाइड्स दाखवण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात एका जुन्या माणसाला "हिला रोज जेवायला घेऊन जा" एवढं सांगितलं असतं तर पुरे होतं. आणि तिला एकटीचं काम देण्याऐवजी पहिलं काम दोघांत मिळून द्यायला हवं होतं. तिला वेंडर पेमेंटचा एक तुकडा वेगळा काढून दिला, त्यामुळे दिवसभरात कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम असलेल्या टीममध्ये तर सगळ्यांचे ऑफिसचे दिवस एक आहेत का, हे आधी पाहायला हवं.

एक फरक मॅनेजरने आणि कर्मचाऱ्याने दोघांनीही ओळखावा. जेवायला न बोलावणं ही तक्रारीची गोष्ट नाही. कामाचे मेल मुद्दाम न पाठवणं, मीटिंग लपवणं ही आहे, आणि ती तारखांसह लिहून मॅनेजरकडे न्यावी. नकोसे मेसेज, जवळीक, शेरेबाजी असेल तर तो मैत्रीचा विषयच राहत नाही. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसात 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्याकडे महिला कर्मचाऱ्याला लेखी तक्रार करता येते.

सप्टेंबरात

प्रोबेशन संपलं तेव्हा तिची स्थिती अशी होती. मुलुंडच्या ताईंशी मैत्री म्हणता येईल इतकी जवळीक. गणपतीला त्या डोंबिवलीला आल्या, ऑफिसच्या दोघींना घेऊन. बोरिवलीसारख्या लांबच्या ठिकाणाहून कुणी येणार नाही हे धरूनच तिने रविवारची दुपार सांगितली होती. जीएसटीच्या मुलाशी चहाची दोस्ती. टेबलावरच्या बाकीच्यांशी थट्टामस्करीपुरतं. आणि बँकेचा ताळमेळ पाहणारे एक गृहस्थ, जे दिवसभर हेडफोन लावून बसतात आणि दीडच्या टेबलावर फोनवर क्रिकेट बघत जेवतात, त्यांच्याशी सकाळी "नमस्कार" आणि कामाची दोन वाक्यं. त्यांना तेवढंच हवं आहे, आणि त्यांचे ताळमेळ 3 तारखेच्या आत तयार असतात.